चंकबेस वापरून बघितलं: सीड तपासायला एक नंबर, पण सगळे आयकॉन चालू करू नका

आधीच सांगून टाकतो, माइनक्राफ्टसाठी चांगलं सीड हवं असेल तर यूट्यूबवर "टॉप टेन सीड, नंबर ७ बघून वेडे व्हाल" असले व्हिडिओ बघत बसू नका, सरळ चंकबेस या साईटची सीड मॅप उघडा, सीड टाका आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, मोबाईलवरही चालतं, लॉगिनबिगिन काही नाही. माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ज्यांना सीड म्हणजे काय ते नीट माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तुम्ही नवीन जग बनवता तेव्हा गेम एक आकडा घेतो आणि डोंगर कुठे, नदी कुठे, गाव कुठे, गुहा किती खोल, हे सगळं त्या आकड्यावरून काढतो. आकडा तोच तर जग तेच. आकडा −९२२३३७२०३६८५४७७५८०८ पासून अधिकमध्ये ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत कुठलाही चालतो, म्हणजे १८ च्या पुढे १८ शून्यं, त्याहून थोडी जास्तच जगं. आधी हा आकडा आपल्या हातात नव्हता, गेम देईल ते जग घ्यायचं. फेब्रुवारी २०११ मध्ये बीटा १.३ आलं तेव्हा जग बनवताना सीड टाकायचा रकाना आला, आणि तिथून "हे सीड घे, ते सीड घे" सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

आता गंमत अशी की नुसता आकडा कोणी दिला तर त्याला काडीचीही किंमत नाही. आकड्याबरोबर तीन गोष्टी लागतात, जावा की बेडरॉक (गेमच्या दोन आवृत्त्या, जावा कंप्युटरवर, बेडरॉक मोबाईल-टॅबवरही), व्हर्जन कुठलं, आणि ती भारी जागा आहे तिचे एक्स-झेड कोऑर्डिनेट. व्हिडिओवाले नेमकं हेच सांगत नाहीत. थंबनेलवर गुलाबी चेरीच्या झाडांच्या कुशीत गाव, मागे बर्फाचा डोंगर, आणि तुम्ही सीड टाकून जग उघडता तर समोर सपाट मैदान आणि दोन मेंढ्या. माझी भाची टॅबवर बेडरॉक खेळते, तिचं असंच झालं, रडवेली होऊन विचारत होती, "मामा, तो गुलाबी डोंगर कुठंय? मी नीटच टाकलंय बघ." तिनं नीटच टाकलं होतं. व्हिडिओ जावाचा होता आणि ते कुठेच सांगितलेलं नव्हतं, डिस्क्रिप्शनमध्येसुद्धा नाही.

तर इथे चंकबेसचा खरा उपयोग. तिचा आकडा मी चंकबेसवर टाकला, वर ड्रॉपडाऊन आहे त्यात आधी जावा निवडलं आणि मग बेडरॉक. डोंगर, समुद्र, चेरीचं बायोम (बायोम म्हणजे प्रदेशाचा प्रकार, वाळवंट, जंगल वगैरे) दोन्हीकडे त्याच जागी. पण गावाचा आयकॉन एकीकडे होता आणि दुसरीकडे गायब, आणि शिवाय ती जिथे स्पॉन झाली, म्हणजे जगात उतरली, तिथून तो डोंगर भलताच लांब होता. म्हणजे सीड खोटं नव्हतं, माहिती अर्धवट होती. कारण असं आहे की १.१८ पासून, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२१ च्या केव्हज अँड क्लिफ्सच्या दुसऱ्या भागापासून, जावा आणि बेडरॉक दोन्हीकडे एकाच सीडला जमीन आणि बायोम जवळपास सारखे येतात, पण गावं, देवळं, मॅन्शन वगैरे बांधकामं दोन्हीकडे वेगळ्या हिशोबानं पडतात. १.१८ च्या आधी तर जुळण्याचा भरवसाच नव्हता, बेडरॉकमध्ये तेव्हा सीडच मुळात ३२ बिटचं होतं. त्यामुळे २०२१ च्या आधीचं कुठलंही "बेस्ट सीड" आज टाकून काही उपयोग नाही, जग पूर्ण वेगळं निघतं.

भाचीला मग डोंगराचे कोऑर्डिनेट लिहून दिले, सेटिंगमध्ये "शो कोऑर्डिनेट्स" चालू करून दिलं (त्यानं अचिव्हमेंट बंद होत नाहीत, चीट चालू केलं की होतात, हे लक्षात ठेवा), आणि ती गेली चालत. वाटेत रात्र झाली, झोंबी आले, बोट बनवली, सगळं साग्रसंगीत. गाव नाही मिळालं पण चेरीचा डोंगर मिळाला, आता तिथे तिनं स्वतःच घरं बांधायला घेतलीत.

साईट वापरायची कशी हे सांगण्यासारखं फार नाही, पण एकदोन गोष्टी नव्या माणसाला अडतात. जावामध्ये स्लॅश सीड लिहिलं की चॅटमध्ये हिरव्या अक्षरात आकडा येतो, त्यावर क्लिक केलं की कॉपी होतो, एकट्यानं खेळत असाल तर चीट बंद असले तरी ही कमांड चालते. बेडरॉकमध्ये जगाच्या सेटिंगमध्येच दिसतो. वजाचं चिन्ह असेल तर तेही कॉपी करा, बरेच जण ते सोडतात आणि मग साईटला शिव्या घालतात. व्हर्जन बरोबर निवडा, पेल गार्डन हे बायोम १.२१.४ मध्ये डिसेंबर २०२४ ला आलं, तुम्ही जुनं व्हर्जन निवडून ते शोधत बसलात तर जन्मभर सापडणार नाही. लार्ज बायोम्सवर जग बनवलं असेल तर तेही निवडावं लागतं. आणि झूम फार कमी केलं की काही आयकॉन दिसतच नाहीत, तेव्हा साईट बिघडली असं समजू नका, थोडं जवळ जा.

अजून एक, १.१८ पासून बायोम फक्त वरवर पसरलेले नाहीत, वर-खालीही बदलतात. जगच आता −६४ पासून ३२० पर्यंत आहे. त्यामुळे डोंगराच्या पोटातलं डीप डार्क किंवा लश केव्ह नकाशावर वरून दिसत नाही, उंचीचा पर्याय बदलून खाली उतरवावं लागतं. एन्शंट सिटीचा (जमिनीखालचं पडकं शहर) आयकॉन दिसतो पण तो एक्स आणि झेडच सांगतो, खोली तुमची तुम्ही लक्षात ठेवायची, साधारण −५१ च्या आसपास. तिथे नीट वाकून चाला नाहीतर वॉर्डन हा तिथला राक्षस उठतो आणि मग तुमचं काय होतं ते सांगायला नको.

आता तो कापलेला अर्धा मार्क. यात साईटचा दोष म्हणावा की आपला, ठरवा तुम्हीच. ही साईट उघडली की डाव्या हाताला किंवा वर आयकॉनची रांगच रांग असते, गाव, आउटपोस्ट, मॅन्शन, खजिना, ट्रायल चेंबर, स्ट्राँगहोल्ड, सगळं एका टिचकीवर. आणि हात शिवशिवतोच. सगळं चालू केलं की पुढचे कित्येक तास तुमचं काम एकच, यादीतल्या जागी जायचं, पेटी उघडायची, पुढच्या जागी जायचं. किराणा आणायला गेल्यासारखं. स्ट्राँगहोल्डचंच घ्या, म्हणजे एंड पोर्टल असलेला जमिनीखालचा किल्ला. गेमनं त्यासाठी काय सुंदर व्यवस्था केलीय, एंडरमॅन मारा, ब्लेझ मारा, आय ऑफ एंडर बनवा, हवेत फेका, कुठे जातोय बघा, पळा, परत फेका, मधेच तो फुटतो आणि आपला जीव हळहळतो. जावामध्ये १२८ स्ट्राँगहोल्ड असतात आणि सगळ्यात आतल्या वर्तुळात ३, मध्यापासून १२८० ते २८१६ ब्लॉकच्या पट्ट्यात, म्हणजे तसंही फार लांब नसतंच. तो सगळा खेळ सोडून नकाशावरून आकडा उतरवायचा आणि खड्डा खणायचा, यात काय मजा. मॅन्शनचंही तसंच, नकाशे विकणारा गावकरी पाचू घेऊन त्याचा नकाशा देतो, तो घेऊन हजारो ब्लॉक तंगडतोड करण्यातच तर गंमत आहे.

म्हणून मी स्वतः काय करतो, फक्त बायोमचा रंगीत नकाशा चालू ठेवतो आणि बांधकामाचे सगळे आयकॉन बंद. घर कुठे बांधायचं हे ठरवायला तेवढं पुरतं, नदी जवळ हवी, पाठीशी डोंगर हवा, वाळवंट फार लांब नको कारण काचेला वाळू लागते. मध्ये काय काय लपलंय ते चालताना कळू दे. हां, कंटाळवाण्या कामाला मात्र सगळं बिनधास्त वापरतो. उदाहरणार्थ स्लाइम चंक. १६ बाय १६ चा चौकोन, दहातला एक साधारण, आणि त्यातच ४० उंचीच्या खाली स्लाइम (हिरवे चिकट प्राणी) येतात. हे गेममध्ये ओळखायची काहीच खूण नाही, आंधळेपणानं खणत बसायचं, त्यात मर्दुमकी कसली. चंकबेसवर स्लाइम फाइंडर आहे, हिरवे चौकोन दाखवतो, तिथे फार्म बांधा आणि मोकळे व्हा. आणि बेडरॉकवाल्यांनो, तुमच्याकडे स्लाइम चंक सीडवर ठरतच नाहीत, सगळ्या जगात त्याच जागी असतात, म्हणजे एकदा जागा कळली की कायमची कळली. जावामध्ये मात्र सीडवर ठरतात.

पुरलेल्या खजिन्याचं पण एक सांगून ठेवतो. जावामध्ये ती पेटी चंकच्या आत ९, ९ या जागीच असते, त्यामुळे खजिन्याचा नकाशा हातात आला की एफ३ दाबून चंकमधली जागा बघायची आणि सरळ खाली खणायचं, अख्खा किनारा उकरायची गरज नाही. याला साईट लागतच नाही.

चंकबेसची अचूकता कशी, हा प्रश्न मला दोघातिघांनी विचारला. बायोमच्या बाबतीत डोळे झाकून विश्वास ठेवावा अशी. बांधकामांच्या बाबतीत साईट स्वतःच सांगते की शंभर टक्के हमी नाही, एखादा आयकॉन दाखवतो आणि तिथे काहीच नसतं असं होऊ शकतं. शिवाय तुमचं जग जुन्या व्हर्जनमध्ये सुरू केलेलं असेल तर तुम्ही जिथे जिथे आधी फिरलाय तो भाग जुन्या हिशोबानं बनून सेव्ह झालेला आहे, तो अपडेटनंतर बदलत नाही, नवीन बायोम फक्त न पाहिलेल्या भागात येतात. साईटला हे कळायला मार्ग नाही, ती बिचारी नुसता आकडा बघते. त्यामुळे जुन्या जगात नकाशा आणि प्रत्यक्ष यात फरक पडला तर आधी हे तपासा.

आता उलटा प्रश्न, सीड हातात नाहीये आणि हवंय तर कुठून आणायचं. बेडरॉकमध्ये जग बनवताना सीडच्या रकान्यापाशीच गेमनं स्वतः निवडलेली काही सीडं चित्रासकट मिळतात. ठीक आहेत. लहान मुलांना बेस्ट, कारण तिथे व्हर्जनचा घोळ नाही. पण सगळे तीच वापरतात त्यामुळे माझं मन रमत नाही.

खरं रत्न म्हणजे क्युबायोम्स व्ह्यूअर. हा कंप्युटरवर चालणारा प्रोग्राम आहे, फुकट, ओपन सोर्स, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर. चंकबेसमध्ये तुम्ही सीड देता आणि तो जग दाखवतो, इथे तुम्ही जग कसं हवं ते सांगता आणि तो सीड शोधून देतो. म्हणजे अट घालायची, मध्यापासून ५०० ब्लॉकच्या आत गाव पाहिजे, १००० च्या आत चेरी ग्रोव्ह पाहिजे, बाजूला मशरूमचं बेट पाहिजे, आणि सोडून द्यायचं, लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो आणि थोड्या वेळानं सीडांची यादी येते. अटी जास्त घातल्या तर मात्र रात्रभर चालू ठेवा, चहा पिऊन येईपर्यंत होईल अशी अपेक्षा नको. आणि "मला सगळं एकाच ठिकाणी पाहिजे" असा हट्ट केला तर शून्य रिझल्ट, हे लग्नाच्या जाहिरातीसारखंच आहे, अटी कमी करा.

यात एक मस्त गोष्ट कळली जी आधी माहीत नव्हती. जावामध्ये बांधकामं कुठे पडू शकतात हे सीडच्या ६४ पैकी खालच्या ४८ बिटवरच ठरतं, बायोम मात्र सगळ्या ६४ वर. म्हणजे एकेका मांडणीची ६५,५३६ भावंडं सीडं असतात, बांधकामाच्या संभाव्य जागा सगळ्यांत त्याच, पण कुठे समुद्र आला तर गाव बुडालं म्हणजे झालंच नाही, कुठे मैदान आलं तर उभं राहिलं. त्यामुळे हा प्रोग्राम आधी ४८ बिटमध्ये मांडणी शोधतो आणि मग भावंडांमधून हवे ते बायोम असलेलं उचलतो, म्हणून एवढा फास्ट. चार विच हट एकमेकींना चिकटलेल्या असली दुर्मिळ सीडं लोक अशीच काढतात. तोटा एकच मोठा, फक्त जावाच्या जगांसाठी आहे आणि मोबाईलवर नाही. दिसायलाही जरा इंजिनिअरिंगच्या लॅबमधल्या सॉफ्टवेअरसारखा रुक्ष आहे, पहिल्यांदा उघडल्यावर माणूस घाबरतो. ५ पैकी ४.

सीड शोधायच्या वेडाचा कळस बघायचा असेल तर माइनक्राफ्ट ॲट होम नावाच्या मंडळींबद्दल वाचा. जगभरातल्या लोकांनी आपापले कंप्युटर रिकामे असताना वापरायला दिले आणि त्या जोरावर यांनी जुलै २०२० मध्ये गेमच्या जुन्या टायटल स्क्रीनमागे जो धूसर फिरता देखावा दिसायचा त्याचं सीड शोधून काढलं, बीटा १.७.३ मध्ये टाकलं की तीच जागा. मग सप्टेंबर २०२० मध्ये पॅक डॉट पीएनजी, म्हणजे टेक्श्चर पॅकच्या यादीत दिसणारं ते टिकलीएवढं चित्र, त्याचंही सीड शोधलं. एवढ्याशा चित्राचा बारीक अभ्यास करून. हे बघितलं की आपण सीडसाठी रात्र जागवली त्याचं काही वाटत नाही. तसंच स्ट्राँगहोल्डमधल्या एंड पोर्टलच्या (एंड या वेगळ्या जगात नेणारं दार) १२ चौकटी असतात आणि प्रत्येकीत आय ऑफ एंडर आधीच बसलेला असण्याची शक्यता १० टक्के, म्हणजे बाराच्या बारा भरलेलं पोर्टल एक लाख कोटीत एकदा. तेही लोकांनी शोधलंय.

आता आपल्या कामाचा भाग, जो मला कुठेच लिहिलेला दिसला नाही म्हणून इथे लिहितो. सीडच्या रकान्यात आकडाच टाकायला पाहिजे असं नाही, शब्दही चालतो, आणि जावामध्ये देवनागरीही चालते. गेम त्या शब्दाचा जावाच्या नेहमीच्या हॅशनं आकडा करतो, म्हणजे प्रत्येक अक्षराचा युनिकोड नंबर घ्यायचा, आधीच्या बेरजेला ३१ नं गुणायचं आणि मिळवत जायचं. "आई" टाकलं तर सीड होतं ७३९२२. वहीवर करून बघा, आ म्हणजे २३१०, गुणिले ३१ म्हणजे ७१६१०, त्यात ई चे २३१२. "पुणे" टाकलं तर ७२२४११७९. यात उकाराचं आणि मात्रेचं चिन्ह वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं, म्हणून पुणे हे गेमच्या लेखी चार अक्षरी. "नाशिक" टाकलं तर आकडा ३२ बिटच्या बाहेर सांडतो आणि वजामध्ये जातो, −२०५७४०६८२६. नाशिककरांनी मनाला लावून घेऊ नये. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर जग बदलतं, त्यामुळे ज्यांना शुद्धलेखनाची कदर नाही त्यांना इथे अद्दल घडते. इंग्रजीत लिहिलं तरी कॅपिटल आणि स्मॉलचा फरक पडतोच.

पण शब्दातून जास्तीत जास्त ४२९ कोटी जगंच निघू शकतात, कारण हॅश ३२ बिटचा. ६४ बिटच्या समुद्रातला हा थेंब. आपल्याला एक जन्म पुरणार नाही हे खरंय, तरी सांगून ठेवलं. बेडरॉकवर कोणाला जग द्यायचं असेल तर शब्द नको, आकडाच द्या, गोंधळ होत नाही.

अजून एक ट्रिक जी मी सर्रास वापरतो. सर्व्हायव्हल जग सुरू करण्याआधी तेच सीड टाकून एक वेगळं क्रिएटिव्ह जग बनवायचं, त्यात उडून पाच मिनिटं फेरफटका मारायचा, जागा आवडली तर क्रिएटिव्ह जग डिलीट. मूळ जगाच्या अचिव्हमेंटला धक्का लागत नाही. नकाशावर हिरवा रंग छान दिसतो पण प्रत्यक्षात तिथे ऊन कसं पडतं, डोंगराचा कडा कसा दिसतो, हे कुठलीही साईट सांगत नाही. काही सीडं नकाशावर एकदम फालतू वाटतात आणि प्रत्यक्षात नाद खुळा असतात.

राहिला सर्व्हरचा विषय. मित्रांच्या सर्व्हरवर सीड फक्त ॲडमिनला दिसतं, स्लॅश सीड तुम्हाला चालत नाही. मग काही हुशार लोक सीड क्रॅकर नावाचं मॉड (गेममध्ये भर घालणारा बाहेरचा प्रोग्राम) टाकतात, ते तुम्ही फिरता तसं देऊळ, डंजन वगैरे कुठे आहे हे बघून उलटा हिशोब मांडतं आणि सीड काढतं. तांत्रिकदृष्ट्या अफाट आहे, मानलं. स्वतःच्या हरवलेल्या सीडसाठी, म्हणजे जग कोणाकडून डाउनलोड केलंय आणि प्रयोग करून बघायचेत, तर जरूर वापरा. पण आमच्या ग्रुपच्या सर्व्हरवर एकानं ते वापरून सगळ्यांच्या आधी सगळ्या एन्शंट सिटी साफ केल्या, बाकीचे आठवडाभर खणत खणत खाली पोचले तर पेट्या रिकाम्या आणि वॉर्डन तेवढा शिल्लक. ॲडमिननं त्याला महिनाभर बॅन केलंय, आणि तो सुटून येईपर्यंत नवीन जग सुरू करायचं की नाही यावर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून भांडणं चालू आहेत.